जूनची पेरणी, डिसेंबरची वेचणी आणि मुक्त विद्यापीठाची बी.ए.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातलं एक गाव. विद्यार्थिनी एकोणतीस वर्षांची, गावातच अंगणवाडी सेविका, दोन मुलं शाळेत. बारावी कला शाखेतून २०११ साली झालेली. घरी पाच एकर कोरडवाहू: तीन एकर कपाशी, तिच्यात तुरीच्या ओळी, दोन एकर सोयाबीन. पदवी हवी ती मुख्यसेविकेच्या, म्हणजे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेच्या, पदासाठी, आणि जमलं तर तलाठी भरतीसाठी. दोन्हीकडे पदवी लागते, शाखा कोणतीही चालते.

व्यक्तीचं आणि गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. अशा बऱ्याच विद्यार्थिनींच्या अडचणी एका घरात आणून हे प्रकरण मांडलं आहे. विद्यापीठाचे नियम आणि आकडे मात्र तिने प्रवेश घेतला त्या काळातले, जसेच्या तसे.

तिने २०२२ च्या जुलै सत्रात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे इग्नूच्या, बी.ए.ला प्रवेश घेतला. तालुक्याच्या कॉलेजात नियमित बी.ए. होती, पण तिथे हजेरी लागते आणि अंगणवाडीची वेळ नेमकी तीच. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पर्यायही होता. तिथे पुस्तकं मराठीत, पेपर मराठीत. तो का घेतला नाही, याचं उत्तर बहुतेक घरांत मिळतं तेच: ओळखीतल्या कोणीतरी इग्नूचा फॉर्म भरला होता, म्हणून हिनेही भरला.

पहिल्या वर्षाचा निकाल

जून २०२३ च्या परीक्षेला तिने आठही विषयांचे फॉर्म भरले. निकाल लागला तेव्हा घरात एकच वाक्य झालं, 'दोनच विषय निघाले.' सासूबाईंचं म्हणणं आधीपासून होतंच, 'पेपर मोठा का पेरनं मोठं?' नवऱ्याने सुचवलं, यंदा थांब. नेट कॅफेवाल्याने सल्ला दिला, तयार असाइनमेंट, म्हणजे घरी लिहून द्यायच्या उत्तरांच्या वह्या, विकत मिळतात, घेऊन टाका.

निकालाचा अंदाज घेण्यापेक्षा ग्रेडकार्ड ओळीने वाचणं बरं. आठ ओळींत हे होतं. दोन विषय पूर्ण. तिसऱ्यात परीक्षा उत्तीर्ण, पण असाइनमेंटचा रकाना कोरा, म्हणून पुढे 'नॉट कम्प्लीटेड'. चौथा राज्यशास्त्राचा, त्यात असाइनमेंट चांगली, परीक्षेत २९. उरलेल्या चार ओळी दोन्हीकडून कोऱ्या, म्हणजे असाइनमेंट दिली नाही आणि पेपरलाही गेली नाही.

म्हणजे ती चार पेपरांना बसली आणि तीन पास झाली. अभ्यासात कच्ची असलेल्या मुलीचं ग्रेडकार्ड असं नसतं. ज्याला वेळ पुरला नाही, त्याचं असतं. हा फरक आधी कळायला हवा, कारण दोन्हींचा इलाज वेगळा.

तासांचा हिशेब, जो प्रवेशाच्या दिवशी करायचा होता

या बी.ए.ची रचना १३२ श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची. तीन वर्षं, दरवर्षी ४४ श्रेयांक, आठ विषय, एकूण चोवीस. पहिल्या वर्षात सहा विषय सहा-सहा श्रेयांकांचे आणि दोन चार-चारचे. एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे तीस तास. यात वाचन, असाइनमेंट, उजळणी सगळं धरलेलं असतं. सहा श्रेयांकांचा विषय म्हणजे १८० तास आणि पूर्ण वर्ष म्हणजे १,३२० तास.

आता तिच्याकडे तास किती? 'रोज दोन तास' हे उत्तर शहरातलं. कोरडवाहू शेतीच्या घरात आठवडे सारखे नसतात. म्हणून वर्ष हंगामाने तोडून मोजलं.

फेब्रुवारी ते मे अखेर, सोळा आठवडे. कापूस घरात आलेला किंवा विकलेला, तूर निघालेली. पऱ्हाटी उपटणं, वखरणी ही कामं सकाळची. एप्रिल-मेमध्ये बारा ते चार उन्हात कोणी बाहेर पडत नाही. या काळात आठवड्याला वीस तास निघतात. एकूण ३२०.

जून-जुलै, आठ आठवडे. पेरणी, कपाशीची टोबणी, मग पहिलं निंदण. आठवड्याला सहा तास, तेही पावसाने काम थांबलं तर. ४८.

ऑगस्टचे चार आठवडे, निंदण आणि डवरणी चालूच. आठवड्याला आठ तास, ३२.

पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंत, धरा पाच आठवडे. पीक उभं, सोयाबीन सोंगायला अजून अवकाश. आठवड्याला सोळा, म्हणजे ८०.

ऑक्टोबर ते जानेवारी, सतरा आठवडे. सोयाबीनची सोंगणी, मळणी, लगेच कापसाची वेचणी, मध्येच दिवाळी, शेवटी तूर. आठवड्याला सहा तास मिळाले तरी खूप. १०२.

बेरीज ५८२ तास. लग्नसराईचे, दुखण्याखुपण्याचे दोन आठवडे सोडूनच दिलेत. म्हणजे तिच्या वर्षात १९ श्रेयांक बसतात आणि तिने ४४ घेतले होते. आठांपैकी दोन विषय निघाले यात नवल नाही. चार पेपरांना बसली हेच जास्त.

मुभा कुठे आहे, कुठे नाही

लवचिक अभ्यासक्रम म्हणजे आपल्या सवडीने, असा समज असतो. तो अर्धाच खरा. या बी.ए.त वर्षाचे सगळे विषय एकदम नोंदवावे लागतात, शुल्कही एकदम. पण परीक्षा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा असते, आणि कोणता विषय कधी द्यायचा हे विद्यार्थ्याने ठरवायचं. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. पुढच्या वर्षाची नोंदणी करायला मागचे विषय निघालेच पाहिजेत असं नाही, आणि पुढची नोंदणी लगेच करायची सक्तीही नाही.

नोंदवलेलं सगळं त्याच वर्षी द्यायचं नसतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात वेळापत्रक कॉलेज करतं. इथे ते काम विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतं आणि पडलंय हे कळायलाच एक वर्ष जातं.

सहा वर्षांत चोवीस विषय, म्हणजे वर्षाला चार, २२ श्रेयांक, ६६० तास. तिच्याकडे ५८२. तूट ७८ तासांची. ती भरून निघते, कारण इतिहास-राज्यशास्त्र तिने बारावीला केलेलं आहे आणि असाइनमेंटचे प्रश्न नीट लिहिले की परीक्षेचा बराचसा भाग त्यातच तयार होतो.

जूनला तीन, डिसेंबरला एक

परीक्षेच्या दोन्ही वेळा विदर्भात अडचणीच्या. जूनमध्ये पेरणी, डिसेंबरमध्ये वेचणी. वरवर पाहता दोन्ही सारख्याच वाईट, म्हणून लोक विषय निम्मे-निम्मे वाटतात. पहिली वाटणी तिनेही तशीच केली होती: दोन आणि दोन.

पण परीक्षेचा दिवस आणि परीक्षेआधीचे दहा आठवडे या वेगळ्या गोष्टी. जूनच्या पेपरआधी फेब्रुवारी ते मे आहे, वर्षातला सगळ्यात मोकळा काळ. हंगामाशी टक्कर फक्त पेपरच्या तीन दिवसांची. डिसेंबरच्या पेपरआधी सोंगणी आणि वेचणी आहे. तिथे दिवसही नाही आणि तयारीही नाही. म्हणून जूनला तीन, डिसेंबरला एक. डिसेंबरला शक्यतो चार श्रेयांकांचा किंवा आधी एकदा वाचून झालेला विषय. ही वाटणी कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातली. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या गावात रोवणी जुलैत आणि धान कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, तिथे डिसेंबर इतका जड नसतो. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बहार कोणता धरलाय त्यावर सगळं फिरतं. दुसऱ्याचं वेळापत्रक उतरवून उपयोग नाही.

पेपरच्या दिवसाचा खर्चही मांडून ठेवला. केंद्र जिल्ह्याच्या गावी, एसटीने दीड तास. पेपर तीन तासांचा, सकाळी दहाला किंवा दुपारी दोनला. दुपारचा पाचला सुटतो आणि मग परतीला रात्रीची मुक्कामी गाडीच उरते. एक पेपर म्हणजे एक अख्खा दिवस. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास परवडतो. खरा खर्च तिच्या जागी शेतात लावायच्या बाईच्या मजुरीचा. आठ पेपर म्हणजे महिनाभरात आठ खेपा. चार पेपर का बुडाले, याचं अर्धं उत्तर इथे आहे. तीन खेपांना मात्र सासूबाईंनी नंतर हरकत घेतली नाही. तारखा महिनाभर आधी हातात असल्या की मजूर सांगून ठेवता येतो.

असाइनमेंट: ३० टक्के, पण कणा तोच

प्रत्येक विषयात असाइनमेंटला ३० टक्के वजन आणि परीक्षेला ७०. दोन्हींत वेगवेगळे किमान ३५ लागतात. एकीकडचे जास्त गुण दुसरीकडची नापासी भरून काढत नाहीत.

इतिहास, राज्यशास्त्र अशा विषयांच्या असाइनमेंटचा साचा ठरलेला: ५०० शब्दांचे दोन प्रश्न, प्रत्येकी २० गुण, २५० शब्दांचे तीन, प्रत्येकी १०, १०० शब्दांचे पाच, प्रत्येकी ६. बेरीज शंभर गुण आणि २,२५० शब्द, सगळे हाताने लिहायचे. पुस्तक उघडून उत्तर शोधणं धरलं तर एका असाइनमेंटला तीन-चार बैठका लागतात. आठ एकदम लिहायला घेतल्या की तिसऱ्या-चौथ्यानंतर माणूस थकतो. हिच्याही तीनच झाल्या होत्या.

गुणांचं गणित इथे उघडून दाखवायला हवं. पुढे बी.एड. करायचं मनात आलं तर खुल्या प्रवर्गाला पदवीला ५० टक्के लागतात. असाइनमेंटमध्ये ७५ असतील तर ५० टक्क्यांसाठी परीक्षेत ४० पुरतात. असाइनमेंटमध्ये ४५ असतील तर परीक्षेत ५३ लागतात. रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली तयारी करणाऱ्याला हे तेरा गुण फार महाग पडतात. घरी बसून, पुस्तक समोर ठेवून मिळणारे गुण आधी घ्यावेत. विकत घेतलेली असाइनमेंट नेमकी इथे बुडवते. वाचन होत नाही आणि परीक्षेचे ७० टक्के कोरडेच राहतात. चार जणींनी एकच वही उतरवलेली असली तर तपासणाऱ्यालाही ते दिसतंच.

जमा करायच्या तारखा सहसा जूनसाठी एप्रिल अखेर, डिसेंबरसाठी ऑक्टोबर अखेर. मुदतवाढ मिळतेही, पण तिच्यावर विसंबून नियोजन करू नये. ऑक्टोबर अखेर म्हणजे सोंगणीचा मध्य. म्हणून डिसेंबरच्या विषयाची असाइनमेंट पोळा ते घटस्थापना या पाच आठवड्यांत लिहून द्यायची. जूनच्या तिन्ही होळीपर्यंत.

दोन चुका वारंवार होतात. एक, मागच्या सत्राच्या प्रश्नांवर लिहिणं. प्रश्नपत्रिका सत्रागणिक बदलते. विषय पुढच्या वर्षावर ढकलला आणि असाइनमेंट दिलेलीच नसेल, तर चालू सत्राची नवी उतरवून घ्यावी लागते. दोन, पावती न घेणं. वही अभ्यासकेंद्रावर दिली की पावती घ्यायची, आणि देण्यापूर्वी पानन्पान मोबाइलवर फोटो काढून ठेवायचं. गुण चढले नाहीत तर हातात तेवढंच असतं.

परीक्षेत नापास झालं तर असाइनमेंटचे गुण मात्र कायम राहतात. राज्यशास्त्रात २९ आले तेव्हा तिला वाटलं होतं सगळं पुन्हा करावं लागेल. फक्त पेपर द्यायचा होता.

भाषा

पुस्तकं हिंदीत. यवतमाळकडच्या माणसाला हिंदी बाजारात अडत नाही, पण उत्तरपत्रिकेत मराठी शब्द हिंदीचा वेश घेऊन येतात. 'शिक्षा' म्हणजे तिथे शिक्षण, 'संसार' म्हणजे जग, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. 'की अपेक्षा' हे आपलं 'च्यापेक्षा'. राज्यशास्त्रात तर 'राजीनामा' हा खड्डाच, कारण हिंदीत तो समझोता. मंत्री देतो तो 'इस्तीफ़ा'. उपाय साधा आहे: वहीच्या शेवटच्या पानावर अशा जोड्यांची यादी. महिनाभरात पन्नासेक शब्द जमतात आणि मग नवे फारसे येत नाहीत.

मराठी माध्यमासाठी नाशिकच्या विद्यापीठात जावं का, हा प्रश्न निकालानंतर निघालाच. दोनच विषय पूर्ण होते, त्यामुळे बदलण्यात नुकसान कमी होतं. पण चार पेपर हिंदीत लिहून तीन निघाले होते. अडचण भाषेची असती तर तिथेच दिसली असती. अडचण तासांची होती आणि तास विद्यापीठ बदलून वाढत नाहीत. म्हणून तिने तिथेच राहावं असं ठरलं. प्रवेशाच्या आधी हाच प्रश्न आला असता तर उत्तर बहुधा उलटं दिलं असतं.

पुस्तकं छापील घ्यावीत. 'ईज्ञानकोश' संकेतस्थळावर सगळी मोफत आहेत आणि छापील नको म्हटलं तर शुल्कात सवलतही मिळायची, पण घरात एकच मोबाइल असेल तर रात्री तो मुलांकडे किंवा नवऱ्याकडे असतो.

नावाचा घोळ

बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. प्रवेश गुणपत्रिकेवरच्या नावाने झाला. मिळवलेले श्रेयांक जिथे ऑनलाइन जमा होतात ते श्रेयांक बँकेचं खातं, म्हणजे एबीसी आणि आताचा बारा अंकी अपार क्रमांक, आधारवरून निघतो. दोन नावं जुळली नाहीत की श्रेयांक खात्याला जोडताना अडतात. लग्न झालेल्या जवळपास प्रत्येक विद्यार्थिनीची ही गोष्ट, आणि कळते ती शेवटच्या वर्षी, भरतीच्या कागदपत्र पडताळणीत.

इथे घाईने काही करू नये. पदवी दहावी-बारावीच्या नावानेच राहू द्यावी, कारण सगळ्या गुणपत्रिकांची साखळी एक राहते. ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढावा. तो ग्रामसेवकाकडे होतो. त्यानंतर शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. त्या एका कागदाने दोन्ही नावं एकाच व्यक्तीची ठरतात. हे सगळं पदवी हातात येण्याआधी, एखाद्या मार्चमध्ये उरकावं.

पुढचा आराखडा आणि त्यातली फट

डिसेंबर २०२३ मध्ये तिने राज्यशास्त्राचा पेपर पुन्हा द्यायचा आणि तिसऱ्या विषयाची राहिलेली असाइनमेंट जमा करायची. एका खेपेत दोन विषय निघून पूर्ण झालेले चार. कोऱ्या चारांपैकी तीन जून २०२४ ला, चौथा डिसेंबरला. जूनच्या तीनपैकी एखादा राहिला तर डिसेंबरला दोन, पण त्यातल्या एकाची असाइनमेंट झालेली आणि वाचन अर्धं झालेलं. दुसऱ्या वर्षाची नोंदणी जुलै २०२३ ला न करता जुलै २०२४ ला.

असंच वर्षाला चार धरून जून २०२८ पर्यंत मोजलं तर बेरीज तेवीस येते. एक विषय उरतो. सहा वर्षांची मुदत तिथेच संपते, त्यामुळे ही फट आताच बुजवायची. जागा सापडली ती दुसऱ्या वर्षात: त्यात चार श्रेयांकांचे दोन विषय आहेत. ते दोन्ही डिसेंबर २०२५ ला एकत्र. सहाच्या ऐवजी आठ श्रेयांक, म्हणजे साठ तास जास्त. ते पोळ्यानंतरच्या आठवड्यांत काढावे लागतील. सोयाबीन उशिरा सोंगायला आलं तर बरंच.

दुसरी अट तिसऱ्या वर्षाच्या नोंदणीची. ती जुलै २०२६ पर्यंत थांबवली तर शुल्क वर्षभराने भरावं लागेल हा फायदा दिसतो, पण मग त्या वर्षातले विषय डिसेंबर २०२६ ला देता येतील याची खात्री धरता येत नाही आणि हिशेब पुन्हा एका विषयाने घसरतो. म्हणून नोंदणी जुलै २०२५ लाच, दुसऱ्या वर्षाचे विषय बाकी असतानाच. पुस्तकं वर्षभर कपाटात पडतील, पडू द्यावीत.

मुदत संपल्यावर राहिलेल्या विषयांपुरता पुनर्प्रवेश घेता येतो, त्याचं शुल्क वेगळं. त्याच्यावर वेळ येऊ नये म्हणून ज्या वर्षी पाऊस वेळेवर आणि घरात लग्नकार्य नाही, त्या जूनला तीनऐवजी चार पेपर द्यायचे. परीक्षेचा फॉर्म मात्र तारखेच्या आत भरायचा. उशीर झाला की ११०० रुपयांचं विलंब शुल्क विषयांच्या शुल्कावर वेगळं बसतं. फॉर्मची मुदत एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये तपासायची, अंगणवाडीचं मासिक अहवालाचं काम ज्या दिवशी तालुक्याला नेतं त्याच दिवशी.